पुस्तक सोडवतही नाही आणि पुढेही सरकत नाही, काय करू?

पत्र: ताई, नमस्कार. मी सांगलीची, बँकेत नोकरी करते. आमच्या वाचनकट्ट्याने या महिन्यासाठी योको ओगावा या जपानी लेखिकेची 'द मेमरी पोलीस' ही कादंबरी निवडलीय, इंग्रजी अनुवाद. एक बेट आहे, तिथून एकेक वस्तू गायब होते आणि लोक ती विसरूनच जातात, जे विसरत नाहीत त्यांना पोलीस उचलून नेतात. एवढं ऐकूनच अंगावर काटा आला होता म्हणून उड्या मारत पुस्तक मागवलं. पण ताई, काही घडतच नाही! अर्ध्याच्या पुढे आलेय, कॅलेंडरं गायब झालीत, बर्फ पडतोय तो थांबत नाही, आणि कोण हे करतंय, का करतंय, काही पत्ता नाही. ती हिरॉइन तर काही म्हणजे काहीच करत नाही, तिचा राग येतो. मधेमधे ती टायपिस्टची गोष्ट येते ती मी सरळ उडवते. रात्री चार पानं वाचली की झोप येते, आणि मग अडीच-तीनला जाग येते तेव्हा डोक्यात तेच. नवरा म्हणतो झोपायच्या आधी असलं कशाला वाचतेस. कट्ट्यावर सगळे 'अप्रतिम' म्हणतायत, त्यामुळे वाटतं मलाच कळत नाहीये. आमच्या सासूबाई हल्ली नावं विसरायला लागल्यात, त्यामुळे काही पानं वाचवतही नाहीत. सोडू का पुरं करू? आणि शेवटी कारण कळतं का, तेवढं तरी सांगा.

उत्तर:

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. नाही गं, कारण कळत नाही. हा स्पॉइलर धरू नकोस, उलट हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर तू उरलेली शंभरेक पानं एका दाराकडे डोळे लावून बसशील आणि ते दार उघडणारच नाहीये. पोलिसांच्या मागे कोण आहे, वस्तू गायब कशा होतात, काहींच्या आठवणी शाबूत का राहतात, यातलं काही म्हणजे काही ओगावा सांगत नाही. आता हे कळल्यावर तुला 'मग जाऊ दे' असं वाटलं तर तेही ठीकच आहे, पण निर्णय घ्यायच्या आधी माझं थोडं ऐक, कारण मला हे पुस्तक मनापासून आवडतं आणि तुझी त्यावरची चिडचिडही मला पूर्ण पटते, दोन्ही एकाच वेळी.

आपण मराठीत गूढ-भय-विज्ञान वाचत मोठे झालो ते बघ कसं होतं. धारपांच्या गोष्टीत काहीतरी अभद्र येतं आणि त्याच्याशी कुणीतरी झुंजतं, मतकरींच्या कथेत शेवटच्या ओळीला पोटात गोळा येतो, नारळीकरांकडे काय झालं त्याचं कारण मिळतं आणि ते कारणच गोष्टीची गंमत असतं. आपली सवय तशी आहे, आणि चांगली सवय आहे, तिच्यात कमीपणा काही नाही. त्यात या कादंबरीबद्दल कुठेही वाचायला जा, '1984'वाल्या ऑर्वेलचं नाव येतंच, म्हणजे माणूस घेताना समजतो की पाळत असेल, कट असेल, बंड असेल, पळापळ असेल. आणि आत निघतं काय तर एक बाई, एक म्हातारा, जिन्यावरून ये-जा, सूप, केक, शेगडी, बर्फ. अपेक्षाभंग होणारच. तू मंद आहेस म्हणून हे झालेलं नाही, त्या अपराधी भावनेला आधी घराबाहेर काढ.

आता त्या हिरॉइनच्या रागाबद्दल, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. बेटावर दोन प्रकारची माणसं आहेत, विसरणारी आणि न विसरणारी. तिची आई न विसरणारी होती, तळघरातल्या कपाटाच्या खणांमधे तिने रिबन, घंटी, पाचू, अत्तर असल्या गायब झालेल्या वस्तू लपवून ठेवल्या होत्या आणि लेकीला एकेक काढून दाखवायची, हे तू सुरुवातीलाच वाचलंस. तिचा संपादक, ज्याचं नाव पुस्तकात नुसतं 'आर' आहे, तोही न विसरणारा, म्हणून तिने त्याला आपल्याच घरात लपवलंय. पण गोष्ट सांगतंय कोण? विसरणारी. म्हणजे जिच्या मनातून ती वस्तू आणि त्या वस्तूबद्दल वाटणारं सगळंच पुसलं गेलंय तीच आपल्याला सांगतेय की आज गुलाब गेले, लोकांनी पाकळ्या नदीत सोडल्या, नदी पाकळ्यांनी भरून वाहत होती. तिला राग येणार कुठून? राग यायला काय गेलं ते आठवावं लागतं. त्यामुळे तिचा आवाज असा सपाट आहे, आणि पुस्तकाचा वेगसुद्धा त्यामुळेच तसा आहे, तिच्या अंगात जेवढी भावना उरलीय तेवढ्याच वेगाने वाक्यं पुढे सरकतात.

फोटो गायब होतात तो भाग पुन्हा एकदा काढून बघ. ती घरातले सगळे फोटो, आईवडिलांचेसुद्धा, गोळा करून बागेत जाळायला निघते आणि आर तिला अक्षरशः विनवतो, की जाळू नकोस, एकदा जळले की परत मिळणार नाहीत. ती शांतपणे म्हणते की माझ्या मनात आता यांना बघून काही हलतच नाही. बास, एवढंच. कुणी ओरडत नाही, दार वाजत नाही, पोलीस येत नाहीत. मी तिथे वाचताना पुस्तकावर हात आपटला होता, अगं बाई, आईचा फोटो आहे तो! आणि मग लक्षात आलं की हे ओरडायला त्या खोलीत फक्त आर आहे आणि मी आहे. तुला तिचा जो राग येतोय ना, तो आरचा राग आहे. तू न विसरणाऱ्यांच्या बाजूला बसून वाचतेयस, तुला टोपी माहितीये, अत्तर माहितीये, गुलाब माहितीये, आणि ती समोर बसून एकेक हातातून सोडतेय. ही चिडचिड व्हावी म्हणूनच पुस्तक असं लिहिलंय असं मी ठामपणे म्हणेन.

आणि तो टोपीवाला. टोप्या गायब झाल्या तर टोप्या करणारा माणूस छत्र्या करायला लागला, कुरकुर न करता. वाचताना वाटतं, असं कुठे असतं का, कुणीतरी भांडेल की. पण 2020 चा मार्च आठव. 24 तारखेच्या रात्री टीव्हीवर ऐकलं आणि 25 पासून देश बंद, पहिले काही दिवस सगळे हादरलेले, आणि महिनाभरात आपण दारात भाजी धुऊन घेत होतो, मुलांची शाळा मोबाइलवर, लग्न झूमवर, आणि 'आता हे असंच' असं म्हणत होतो. मला त्या निर्णयाबद्दल काही बोलायचं नाहीये, रोग खरा होता, मी फक्त एवढंच म्हणतेय की माणूस किती लवकर जुळवून घेतो. ओगावाला भीती दाखवायचीय ती या जुळवून घेण्याची. ती भीती धावत येत नाही, ती रोज सकाळी थोडी थोडी येते, उठल्यावर काहीतरी वेगळं वाटतं, लोक रस्त्यावर जमतात, गेलेली वस्तू जाळतात किंवा नदीत सोडतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. हे दोनशे किमीच्या स्पीडने सांगता आलंच नसतं. पाचव्या-सहाव्या वस्तूला तुला जो कंटाळा येतो, 'हं, आता हे गेलं का' असं जे होतं, ते बेटावरच्या लोकांना होतं तेच आहे, आणि हे जेव्हा मला जाणवलं तेव्हा खरंच घाबरले.

ही कादंबरी कुठून आली ते माहीत असलं तर अजून एक दार उघडतं. जपानमधे ती 1994 साली आली, इंग्रजी अनुवाद स्टीफन स्नायडरने केलेला, तो थेट 2019 मधे, आणि 2020 ला इंटरनॅशनल बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. ओगावाने मुलाखतींमधे सांगितलंय की शाळकरी वयात तिने अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली आणि ती तिच्यात रुतून बसली. आता आरला जिथे लपवलंय ती दोन मजल्यांमधली खोली बघ, गालिच्याखालचं झाकण, शिडी, आत जेमतेम पलंग आणि टेबल. अ‍ॅन आणि तिच्या घरचे अ‍ॅमस्टरडॅममधे जुलै 1942 पासून ऑगस्ट 1944 पर्यंत नाझींपासून वाचायला एका ऑफिसच्या मागच्या भागात लपून होते, आणि त्या डायरीत तरी काय आहे? बटाटे सोलणं, संडासच्या वेळा, कोण कोणावर चिडलं. लपून राहणाऱ्याच्या आयुष्यात घडत काहीच नाही, घडू नये म्हणूनच तर लपायचं. मला या पुस्तकातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे तिला मदत करणाऱ्या म्हातारबाबाने करून दिलेलं ते नळी आणि नरसाळ्यांचं यंत्र, वरच्या खोलीत एक नरसाळं, खालच्या खोलीत एक, मधे रबरी नळी, आणि त्यातून दोघं हळू आवाजात बोलतात. पोलिसांच्या सगळ्या धाडींपेक्षा ते नरसाळं कानाला लावून बसलेलं माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

बरं, म्हणून पुस्तकात दोष नाहीत असं मी म्हणणार नाही, आणि कट्ट्यावर तूही म्हणायची गरज नाही. मला खटकणाऱ्या गोष्टी सांगते. एक तर ती सांगते की वस्तू गेली की तिचं नावसुद्धा परकं होतं, पण स्वतः सांगताना मात्र पक्षी, गुलाब, फेरीबोट सगळी नावं बिनचूक वापरते, हे कसं, याचा विचार केला की बुद्धीला त्रास होतो. आर जरा जास्तच गुणी आहे, त्याला स्वतःचा असा काही वाईट दिवस नाही. आणि सगळ्यात जास्त मला त्याची बायको खुपते. ती बाहेर आहे, गरोदर होती, तिला मूल होतं, नवरा कुठे आहे तिला माहीत नाही, आणि लेखिका तिला निरोपांपुरती वापरते. त्या बाईची गोष्ट मला हवी होती, ती मिळाली नाही आणि अजूनही ती उणीव वाटते. हिरव्या युनिफॉर्ममधले पोलीसही सगळे एकाच साच्यातले, हे मुद्दाम केलंय हे कळतं, पण मुद्दाम केलं म्हणून आवडलंच पाहिजे असं कुठंय.

पण ती टायपिस्टची गोष्ट उडवू नकोस, प्लीज. मला माहितीये ती आली की मूड तुटतो, मुख्य गोष्टीत जरा कुठे गुंतत असतो आणि ही मधेच. तरी वाच. ती कादंबरी आपली हिरॉइन स्वतः लिहितेय हे लक्षात ठेव. त्यात एका मुलीचा आवाज जातो आणि तिचा टायपिंग शिकवणारा, जो तिचा प्रियकर आहे, तो तिला घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडतो. आणि इकडे काय चाललंय? इकडे एका बाईने एका पुरुषाला प्रेमापोटी, वाचवण्यासाठी, खोलीत ठेवलंय, जेवण नेऊन देते, बाहेरची खबर तीच देते, आणि तो हळूहळू पूर्ण तिच्यावर अवलंबून होतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की अस्वस्थ व्हायला होतं, सांभाळणं कुठे संपतं आणि कोंडणं कुठे सुरू होतं हा प्रश्न ती बाई तोंडाने कधी विचारत नाही, तिच्या गोष्टीतून विचारते. तुला ती 'काहीच करत नाही' असं वाटतं ना, ती जे करतेय ते या पानांवर आहे. उडवलीस तर तिचं अर्ध मन उडवलंस.

आता प्रॅक्टिकल सांगते. रात्री चार पानं, हा या पुस्तकाचा खूनच आहे. आधीच सावकाश, त्यात चार चार पानं म्हणजे रोज पाणी तापायच्या आत गॅस बंद करण्यासारखं. आणि वर पुन्हा झोपेच्या तोंडावर, म्हणजे दिवसभराच्या कामाने डोकं थकलेलं, वाक्य आत जात नाही पण भीती मात्र जाते, मग तीनला जाग येणार नाहीतर काय. नवऱ्याचं बरोबर आहे, फक्त त्याने सांगितलेला उपाय अर्धा आहे. रात्रीचं बंद कर आणि रविवारी दुपारी, उजेडात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग चाळीस-पन्नास पानं बस. सगळं पुस्तक पावणेतीनशे पानांच्या आसपास आहे, तुझे दोन-तीन रविवार. इंग्रजी अजिबात अवघड नाहीये, त्यामुळे अडखळणार नाहीस. आणि वाचताना 'पुढे काय होणार' हा प्रश्न बाजूला ठेवून 'आज घरात काय आहे आणि उद्या काय नसेल' एवढंच बघत जा, म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला आर त्याला जो म्युझिक बॉक्स देतो तो भाग असा वाचलास तर मी काय म्हणतेय ते कळेल.

पहिल्या रविवारच्या त्या सलग बैठकीनंतरही मन लागलं नाही तर सोड. खरंच सोड, लायब्ररीचं असेल तर परत कर, स्वतःचं असेल तर कुणाला तरी देऊन टाक. अर्धवट सोडलेलं पुस्तक म्हणजे नापास झालेला पेपर असल्यासारखं आपण मनाला लावून घेतो, आणि मग पुढची चार पुस्तकंही हातात घेत नाही, हा तोटा जास्त मोठा. पण कट्ट्याला जा. सोडलंस तरी जा. आणि तिथे 'छान होतं पण थोडं स्लो' असलं गुळमुळीत बोलू नकोस, मला लिहिलंस तेच सांग, की मला हिरॉइनचा राग येतो, मी टायपिस्ट उडवत होते, कारण न सांगितल्याने फसवल्यासारखं वाटलं, आणि तरी रात्री तीनला तेच आठवतं. माझ्या अनुभवात 'अप्रतिम' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना नेमकं हेच वाटलेलं असतं आणि कुणीतरी आधी बोलायची वाट बघत असतात. त्या दिवशीची चर्चा तुझ्यामुळे चांगली होईल बघ.

राहता राहिल्या सासूबाई. हे मी शेवटी लिहितेय कारण त्याला शांतपणे जागा द्यायची होती. पुस्तकातलं विसरणं आणि म्हातारपणातलं विसरणं यांची सांगड डोक्यात बसलीय तर ती पानं टाळणं हा पळपुटेपणा नाहीये, आत्ता घरात जे समोर आहे ते आधी. माझ्या बघण्यात असं आहे की जवळच्या माणसाचं विसरणं चालू असताना हे पुस्तक काहींना आधार वाटतं आणि काहींना सहन होत नाही, तू कुठल्या बाजूला आहेस हे तुझं तुलाच कळेल आणि दुसऱ्या बाजूचं असण्यात कसलीही लाज नाही. त्रास होत असेल तर कादंबरी सहा महिने कपाटात ठेव, ती कुठे जात नाही.

एक फरक मात्र मनात पक्का ठेव. बेटावर विसरलेलं परत आणायला डॉक्टर नव्हता, तुमच्याकडे आहे. 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका, आधी फॅमिली डॉक्टरला दाखवा आणि गरज वाटली तर ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. व्हिटॅमिन बी-12 कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, ऐकू कमी येणं, काही गोळ्यांचा परिणाम, यानेही विसरायला होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, शाकाहारी माणसांत तर बी-12 हमखास तपासून घ्यावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. आणि घरी तो आर करतो ते थोडं करून बघायला हरकत नाही, म्हणजे जुने फोटो, त्यांच्या माहेरचं एखादं भांडं, त्यांच्या वेळची गाणी, हे घेऊन त्यांच्यापाशी बसणं. फक्त तो जरा हट्टाने 'आठव, आठव' करत मागे लागतो तसं करू नकोस, 'ओळखा बघू हे कोण' अशी परीक्षा घेतली की त्या ओशाळतील आणि फोटोच नको म्हणतील. त्यापेक्षा तूच सांग, की हा बघा आपला अमुक, हे मिरजेच्या लग्नातलं, आणि त्यांना जे सुचेल ते बोलू दे, चुकीचं बोलल्या तरी दुरुस्त करू नकोस. घरात मुलं असतील तर त्यांनाही शेजारी बसव. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळव, पुस्तकाचं नंतर कळवलंस तरी चालेल.